घोंगडे : पांघरायचे, अंथरायचे आणि भिजत ठेवायचे

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी काही शब्द इतके बसून जातात की, त्यांचा मूळ अर्थ काय होता हे विचारण्याची त्याला शुद्धच राहत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा त्यांपैकी पहिला. वेतनवाढीची मागणी असो, कामावरून कमी केलेल्यांचा प्रश्न असो की भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी असो, ‘हे घोंगडे आणखी किती दिवस भिजत ठेवणार?’ असा सवाल आम्ही कोठल्या ना कोठल्या सभेत टाकलेला आहेच. त्यावर टाळ्याही पडतात. टाळ्या पडल्या की वक्त्याला वाटते, शब्द आपल्याला समजला.

काही वर्षांपूर्वी उदगीरकडील एका सभेत आम्ही हेच वाक्य टाकले. सभा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. खांद्यावर घोंगडी, बोटांना कायमचा बाक आलेला. ते म्हणाले, “अण्णा, घोंगडं भिजलं मनून काय बिघडत न्हाई बगा. भिजल्याबिगर ते दाटच होत न्हाई. ओलं घोंगडं घडी घालून कोपऱ्यात ठिवलं, की मंग नासतंय. तुमचं घोंगडं कुणी भिजवलं न्हाई. घडी घालून ठिवलंय.”

हे गृहस्थ जन्मभर घोंगडी विणत आलेले होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्या दिवसापासून आम्ही या शब्दाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे या मांडणीत पंडिताची शिस्त दिसणार नाही, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

प्रथम वस्तू पाहू, मग शब्द. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती आखूड, राठ आणि बहुधा काळी किंवा करडी असते. कोकराची पहिली कातरण मऊ असते. तिला जावळ म्हणतात, आणि जावळाची घोंगडी ज्याच्या घरी असेल तो ती पाहुण्यालाच दाखवतो. लोकर पिंजायची, बायकांनी सूत काढायचे, मग खुंट्यांवर ताणा लावायचा. विणणाऱ्या धनगरांना खुटेकर म्हणतात ते या खुंट्यांवरूनच. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या बाजूला हे काम सणगरांचे. ताण्याचे सूत तसेच मागावर चढवले तर तुटते, म्हणून त्याला चिंचोक्याची खळ द्यावी लागते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचे, दळायचे, शिजवायचे आणि ती खळ कुंच्याने सुतावर ओढायची. एवढे झाल्यावर माग सुरू होतो. एका घोंगडीमागे घरातील दोन-तीन माणसांचे हात लागतात. मजुरी मोजताना मात्र एकट्या विणकराची मोजली जाते, आणि सूत काढणारीचे नाव त्या हिशोबात कधीच आलेले नाही.

आता मामांच्या बोलण्याकडे वळू. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. पाणी आणि घासणे यांनी ते एकमेकांत अडकतात, वीण आवळली जाते आणि कापड दाट होते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओलावा शोषताना ती थोडी ऊबही सोडते. त्यामुळेच पावसात रानात उभा असलेला मेंढका घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन निभावून नेतो. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की, एकदा पुरते भिजलेले घोंगडे दगडासारखे जड होते आणि लवकर वाळत नाही. ना पांघरता येत, ना अंथरता येत, ना उचलून दुसरीकडे नेता येत. घरात जागा अडवून पडलेल्या या ओल्या ओझ्यावरून दिरंगाईचा अर्थ आला असावा, असे आम्हांला वाटते. जुन्या कोशांत ‘घोंगडे अडकणे’ असाही प्रयोग दिलेला आहे. एखाद्या प्रकरणात आपला संबंध असल्यामुळे त्यात गुंतून पडणे, असा त्याचा अर्थ. तो आता फारसा ऐकू येत नाही. गुंतून पडणारी माणसे अर्थात अजून आहेत.

घोंगड्याचा थोरला, ग्रंथांतला भाऊ म्हणजे कंबल. त्याचेच मराठीत कांबळा, कांबळे झाले. संस्कृतात कंबल म्हणजे लोकरीचे वस्त्र. गाईच्या गळ्याखाली लोंबणारी पोळीही कंबलच, कारण ती तशीच घड्या पडून लोंबते. पाणिनीच्या व्याकरणात ‘पण्यकंबल’ असा शब्द येतो. पण्य म्हणजे विकावयाचे. ठरलेल्या मापाचे आणि ठरलेल्या किमतीचे, बाजारात सर्वांना ठाऊक असलेले कांबळे, असा अर्थ अभ्यासकांनी त्याचा लावला आहे. ‘कंबल्य’ या दुसऱ्या शब्दाचा अर्थ काशिकावृत्तीत शंभर पल लोकर असा दिलेला आहे. म्हणजे एका कांबळ्याला लोकर किती लागते, हे वजनच शब्द बनून बसले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही लोकरी वस्त्रांची भली लांब यादी आहे, आणि तीत नेपाळकडचे, आठ तुकडे जोडून केलेले काळे, पाऊस अडवणारे वस्त्रही आहे. वजन ठरले, माप ठरले, भाव ठरला. विणणाऱ्याला त्यातले काय मिळावे हे मात्र व्याकरणात शोधण्याचे कारण नाही.

न्यायशास्त्रवाल्यांनी तर या कांबळ्यावरून शब्दच्छल शिकवला. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात उदाहरण आहे ते असे : एक जण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. त्याला म्हणावयाचे असते की, मुलाजवळ नवे कांबळे आहे. प्रतिपक्षी म्हणतो, नऊ कांबळी कोठे आहेत? याच्याजवळ तर एकच दिसते. ‘नव’ म्हणजे नवे आणि ‘नव’ म्हणजे नऊ. बोलणाऱ्याचा हेतू बाजूला ठेवून शब्दाला धरून त्याला खोटे पाडायचे. याला वाक्छल म्हणतात. हे वाचले तेव्हा आम्हांला हसू आले नाही. एका ठिकाणी हमालीचा दर पोत्यामागे ठरला होता. ठरवताना उभय पक्षांच्या मनात पन्नास किलोचे पोते होते. पुढे अधिक भरलेली पोती येऊ लागली. आम्ही तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, “करारात पोते असेच लिहिले आहे ना? मग हे काय पोते नाही?” त्या एका शब्दाने कित्येक जणांच्या पाठीवर किती जादा वजन घातले याचा हिशोब कोणी ठेवला नाही. तेव्हापासून आम्ही करारात आकडा लिहून घेतल्याखेरीज सही करीत नाही.

बुद्धाच्या काळी अजित केसकंबली नावाचा एक विचारवंत होऊन गेला. माणसांच्या केसांचे कांबळे पांघरतो म्हणून हे नाव. मेल्यावर शहाणा आणि मूर्ख दोघेही सारखेच मातीत मिळतात, दानाचे आणि यज्ञाचे फळ वगैरे काही नसते, असे तो सांगे. पाली ग्रंथांत केसांचे कांबळे हे सर्व विणलेल्या वस्त्रांत हीन मानले आहे. ते थंडीत थंड, उन्हात गरम आणि अंगाला टोचणारे असते, असे म्हटले आहे. मेंढपाळ आपल्या घोंगडीचे वर्णन नेमके याच्या उलट करतो : थंडीत उबदार, उन्हात गार. त्याने पाली वाचलेले नसते.

कांबळे हे आडनावही आहे, आणि मराठवाड्यात ते कानावर पडले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लोकर येत नाही, जात येते. आमच्या हजेरीपत्रकाचे एकही पान या आडनावावाचून नाही. नव्या माणसाला कामावर घेताना ‘नाव काय?’ नंतर लगेच ‘पूर्ण नाव सांग’ म्हणून विचारले जाते, ते कशासाठी, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. शब्दाच्या अर्थाविषयी बोलताना आम्ही येथे जरा थांबणार आहोत, कारण एका कांबळ्यांची गोष्ट सांगितल्यावाचून घोंगड्याचा पुढचा अर्थ सांगता येत नाही.

आपल्या खेड्यांत पाहुणा आला की ‘घोंगडी टाका’ म्हणतात. घोंगडी टाकणे म्हणजे बसायला देणे, मान देणे. पंचांची बैठक घोंगडीवर बसे. लोकरीला विटाळ नाही असे धर्मशास्त्र मानीत आले, म्हणून सोवळ्यात धाबळी चालते, आणि धाबळी हे लोकरीचेच वस्त्र. घोंगडे असे सर्वांना चालणारे. पण ते अंथरल्यावर वर कोणी बसायचे आणि काठाबाहेर जमिनीवर कोणी, हेही ठरलेलेच असे. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून ‘घोंगडी बैठक’ हा शब्द हमखास भेटतो. मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही, खुर्च्या नाहीत. गावात जाऊन घोंगडी अंथरायची आणि लोकांत बसून बोलायचे. आमचे सगळे काम असल्याच बैठकांवर उभे राहिले.

संघटनेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावी अशीच बैठक होती. गावातील एका सभासदाने आपल्या घरचे घोंगडे आणून अंथरले. वीस-पंचवीस हमाल आले. सगळे बसल्यावर आमच्या ध्यानात आले की, कांबळे नावाचे आमचे एक सभासद घोंगड्याच्या काठापासून हातभर दूर, उघड्या जमिनीवर बसले आहेत. जागा होती. कोणी त्यांना उठा म्हटले नव्हते, बसा म्हटले नव्हते. बाजारात त्यांच्या आणि इतरांच्या पाठीवर एकच थप्पी चढत होती, आणि येथे मध्ये हातभर जमीन होती. आम्ही म्हटले, “कांबळे, इकडे सरका.” ते हसले आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या अण्णा, हितंच बरं हाय. हवा लागतीय.” घोंगड्याचा मालक खाली पाहत होता. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. हमालीच्या दराचा विषय होता, तो काढला आणि बैठक पार पाडली. हे आमच्याकडून चुकले, असे आम्ही आजही मानतो.

पुढच्या बैठकीस आम्ही घोंगडे घडी घालून बाजूला ठेवावयास सांगितले आणि सगळ्यांनी मातीत बसावे असे सुचवले. दोन माणसे त्या दिवशी आली नाहीत. तिसऱ्या बैठकीला संघटनेच्या वर्गणीतून एक घोंगडे विकत घेतले. कोणाच्या घरचे नाही, सगळ्यांच्या पैशाचे. ते मामांनीच विणले होते, आणि आमच्यापुढे टाकताना ते म्हणाले होते, “हे मोठं केलंय बगा. काठाभाईर कुणी ऱ्हाऊ नये मनून.” त्यांना आधीची गोष्ट कोणी सांगितली होती, हे आम्ही विचारले नाही. कांबळे त्या घोंगड्यावर बसले, पण काठालाच. मध्यावर यायला त्यांना आणखी वर्षभर लागले.

लोकरीच्या कापडावर बसून माणसे जशी बैठकीत आली, तशीच दुसऱ्या एका देशात लोकरीच्याच कापडाने ती कचेरीत नेऊन बसवली. फ्रेंच भाषेत ‘ब्यूर’ म्हणजे जाडेभरडे लोकरी कापड, आपले घोंगडेच म्हणा. ते हिशोबाच्या मेजावर अंथरीत. पुढे त्या कापडाचे नाव मेजाला पडले : ब्यूरो. मग मेज असलेल्या खोलीला, मग त्या खोलीत बसणाऱ्या अधिकाऱ्यांना तेच नाव मिळाले. अठराव्या शतकात तेथे ब्यूरोक्रसी हा शब्द निघाला. तो घडवण्याचे श्रेय व्हँसाँ द गुर्ने या व्यापारविषयक अधिकाऱ्याला देतात. नोकरशाही म्हणजे, शब्दाला धरून बोलायचे तर, घोंगडेशाही. आपले ‘दप्तर’ही असेच दुरून आले आहे. ते फारसीतून आपल्याकडे आले, आणि त्याच्या मुळाशी ग्रीकांचा कमावलेल्या कातड्याचा शब्द आहे. ग्रीक मेंढपाळ तेच कातडे अंगावर पांघरीत. एक कचेरी लोकरीची, दुसरी कातड्याची. दोन्ही मेंढरांच्या जवळपासच्या.

लोकरी कापडांच्या नावांना असली स्थलांतरे नवी नाहीत. मराठी कागदपत्रांत ‘सकलाद’ येते ते उंची लोकरी कापड, शब्द फारसी. इंग्रजीतील ‘स्कार्लेट’ त्याच घराण्यातला. युरोपात आधी ते कापडाचेच नाव होते, आणि ते निरनिराळ्या रंगांत मिळे. तांबड्याची मागणी वाढत गेली आणि शेवटी कापड विसरले जाऊन रंग तेवढा उरला. ‘ब्लँकेट’चे उलटे. त्याच्या पोटात पांढरा या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. न रंगवलेले पांढरे लोकरी कापड ते ब्लँकेट. रंग विसरला गेला, पांघरूण उरले.

ब्लँकेट या शब्दाला आमच्या भागात एक वेगळाच अर्थ चिकटलेला आम्ही ऐकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यातच पाऊस आला. मदतीच्या ट्रकांतून कपडे आणि ब्लँकेटे आली. आम्ही तेव्हा विशीत होतो आणि उतरवून घेणाऱ्यांत होतो. पुढे कित्येक महिने त्या पट्ट्यात ‘तुमाला ब्लँकेट भेटलं का?’ या प्रश्नाचा अर्थ तुमच्यापर्यंत मदत पोचली का, असा होता. अशी स्वस्त ब्लँकेटे पुष्कळदा पानिपतची असतात. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचे पुन्हा सूत करून तेथे ती विणतात. ती उपयोगी पडतात, यात शंका नाही. घोंगडीच्या कितीतरी कमी भावात मिळतात, यातही नाही.

आता सीमेकडे येऊ. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे जुन्या निजामी मुलखातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे आले आणि नांदेडचा काही भाग तिकडे गेला. नकाशावर रेघ पडली, बाजारात ती दिसत नाही. देगलूरच्या बाजारात एकाच वस्तूला मराठी माणूस घोंगडी म्हणतो, तेलुगू माणूस गोंगडी, कानडी माणूस कंबळी. तिघांना तिघांचे कळते, आणि भाव तिघेही पाडून मागतात.

तेलुगूत केसाळ सुरवंटाला ‘गोंगळी पुरुगु’ म्हणतात, म्हणजे घोंगड्याचा किडा. हा गमतीचा अर्थ झाला. दुसरा अर्थ गमतीचा नाही. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या मारला गेला. तो कुरुमा, म्हणजे तिकडच्या मेंढपाळ समाजाचा. तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्याचा तो पहिला हुतात्मा मानतात. पुढच्या काळात गद्दर हा लोकशाहीर खांद्यावर गोंगडी आणि हातात काठी घेऊन गात असे. २०२३ मध्ये तो वारला. तिकडे गोंगडी म्हटले की लढणारा माणूस आठवतो. आमच्याकडे घोंगडे म्हटले की रखडलेली फाईल आठवते. मेंढी तीच, लोकर तीच, नदीही एकच. नांदेडातून निघालेल्या गोदावरीच्याच काठाने पुढे तेलंगण लागते. हा फरक कशाने पडला याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. आमच्यासारख्या पुढाऱ्यांनी हा शब्द चाळीस वर्षे फक्त तक्रारीसाठी वापरला, हे त्याचे एक कारण असणारच.

आपल्याकडे घोंगडी खांद्यावर घेणाऱ्या पुढाऱ्यांची काही वाण नाही, हेही सांगितले पाहिजे. सत्कारात काठी आणि घोंगडी देण्याची चाल पडली आहे. छायाचित्र निघते, घोंगडी गाडीच्या मागच्या आसनावर जाते. शहरांत ती कंबरदुखीवर गुणकारी म्हणूनही विकली जाते. ऊब लागली की कंबरेला बरे वाटते, एवढे खरे. त्यापुढच्या जाहिरातीची जबाबदारी आम्ही घेत नाही.

दरम्यान लोकरीचे काय झाले ते पाहावे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट विकायला येतात, धनगर समाज दूरदूरून येतो, आणि घोंगड्यांची दुकानेही लागतात. तेथे मेंढपाळांना विचारले तर एकच उत्तर मिळते : मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त झाली. पुष्कळ जण कातरलेली लोकर टाकूनच देतात. मेंढी पाळायची ती मांसासाठी. आंध्रकडची नेल्लूरी मेंढी, जिच्या अंगावर लोकर नाही नुसते केस आहेत, ती तेलंगण-कर्नाटकात दख्खनीची जागा घेत चालली आहे. विणकर हा घरात बसून काम करणारा. त्याला मालक नाही, म्हणून त्याच्यासाठी भांडायला समोर कोणी नाही. १९६९ चा माथाडी कायदा हमालांसाठी झाला. तो मिळवायला मुंबईच्या हमालांना फार झगडावे लागले, पण तेथे निदान बाजार एका जागी होता, व्यापारी एका जागी होते. घोंगडी विणणारे दहा गावांत दहा घरे. त्यांची घोंगडी बैठक घ्यायची कोठे, आणि मागणी करायची कोणाकडे, याचे उत्तर आम्ही मामांना देऊ शकलो नाही. त्यांनी ते दोनदा विचारले होते.

मामांचा माग आता बंद आहे. बोटे वळत नाहीत. संघटनेचे घोंगडे अजून वापरात आहे. दोन ठिकाणी विरले होते, तेथे त्यांनीच दाभणाने शिवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्यांचा मुलगा गेल्या काही वर्षांपासून आमच्या हजेरीपत्रकात आहे. धान्याच्या अडतीवर हमाली करतो. पावसाळ्यात माल उतरवताना तो युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतो.